कापलेला दस्ता आणि विक्रेत्याचं ‘बाकी सगळं ओरिजिनल’

प्रश्न: १९५० च्या दशकातली विंचेस्टर मॉडेल ७० रायफल, .३०-०६ कॅलिबरची, मला विकत मिळते आहे. मूळ मालक आता नाहीत. विकणारे त्यांचे नातेवाईक आहेत. नळी आणि बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) वरवर तरी छान दिसतात. पण दस्ता मागून कापून त्याला लाल रबरी पॅड लावलंय, पॅड आणि लाकडाच्या मध्ये पांढरी पट्टी आहे, गाल टेकतो तिथे लाकडाचा तुकडा चढवलेला दिसतो आणि सगळ्यावर चकचकीत व्हार्निश. विकणारे म्हणतात, “फक्त दस्त्याला हात लावलाय, बाकी सगळं ओरिजिनल आहे.” मला ती शिकारीला वापरायची आहे, पण पुढेमागे विकायची वेळ आली तर पैसे निघावेत असंही वाटतं. घेऊ का? आणि घेतलीच, तर जुना मूळ दस्ता शोधून बसवू का?

उत्तर: वापरायलाही हवी आणि विकताना पैसेही निघायला हवेत, या दोन इच्छा अशा रायफलीच्या बाबतीत एका जागी नांदत नाहीत. मॉडेल ७० चं उत्पादन १९३६ मध्ये सुरू झालं आणि १९६४ मध्ये कंपनीने खर्च वाचवण्यासाठी तिच्यात मोठे बदल केले. काडतुसाला सुरुवातीपासून पकडून ठेवणारा रुंद पंजासारखा एक्स्ट्रॅक्टर गेला, दस्त्यावर हाताने कोरलेल्या चेकरिंगऐवजी, म्हणजे पकडीसाठीच्या हिऱ्यांसारख्या नक्षीऐवजी, दाबून उठवलेली नक्षी आली. तेव्हापासून ‘६४ च्या आधीची’ असं म्हटलं की संग्राहकांचे कान टवकारतात. पण संग्राहक ज्यासाठी जास्त पैसे मोजतो ती गोष्ट म्हणजे कारखान्यातून निघाली तशीच असलेली रायफल. लाकडावर करवत फिरली त्या दिवशी तो भाव संपला. कितीही सुबक काम असलं तरी तो परत येत नाही. म्हणून ही रायफल घ्यायची तर वापरायला घ्या आणि वापरण्याच्याच भावात घ्या. विकणाऱ्यांच्या डोक्यात ‘६४ च्या आधीची’ हा आकडा बसलेला असेल तर मात्र गाठ कठीण आहे.

आधी खात्री करा की ती खरंच तेव्हाची आहे. रिसिव्हरवरचा, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या धातूच्या भागावरचा, अनुक्रमांक बघा. बदललेल्या मॉडेलचे क्रमांक ७,००,००० पासून सुरू केले होते. जुन्यांचे क्रमांक त्याच्या बरेच खाली संपतात. नळीच्या पोटाला, लाकडाखाली झाकलेल्या भागावर, दोन आकडी साल ठोकलेलं सापडतं. क्रमांकावरून निघणारं साल आणि हे साल यांत एखाद्या वर्षाचा फरक चालतो. दहा वर्षांचा निघाला तर नळी बदललेली आहे आणि ‘बाकी सगळं ओरिजिनल’ तिथेच निकालात निघालं.

विकणारे खोटं बोलत असतील असं मी म्हणत नाही. वारसांना बहुतेक वेळा खरंच माहीत नसतं. पण ज्या माणसाने दस्ता कापला त्याच्याकडे हत्यारं होती आणि ती चालवायची हौसही होती. असा माणूस लाकडावर थांबतोच असं नाही. चाप हलका करून बघितला असेल, दुर्बिणीसाठी चार छिद्रं जास्तीची पाडली असतील, चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, मोठं करून घेतलं असेल. त्यामुळे दस्त्यावरचा बदल हा मला दोष वाटण्यापेक्षा साक्षीदार जास्त वाटतो. टाका बघून शिंपी ओळखावा तसा या लाकडावरून तो हात कसा होता हे ओळखायचं, आणि मग धातूकडे वळायचं.

सुरुवात मोजपट्टीने करा. चापाच्या पुढच्या बाजूच्या मध्यापासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंत अंतर मोजा, एकदा पॅडसकट आणि एकदा फक्त लाकडापर्यंत. त्या काळच्या अमेरिकन कारखान्यांच्या रायफलींमध्ये हे अंतर साधारण साडेतेरा इंच असे. पॅडसकट तेवढंच भरलं तर मालकाने धक्का सोसवावा म्हणून पॅडच्या जाडीएवढं लाकूड काढलं, लांबी तीच ठेवली. ही विचार करून केलेली गोष्ट आहे. पॅडसकट अंतर साडेबारा भरलं तर रायफल कुणा बुटक्या माणसासाठी, मुलासाठी किंवा जाड थंडीच्या कपड्यांवरून वापरायला आखूड केली आहे. ती तुम्हाला बसेल का, हा मग वेगळा प्रश्न.

आता पॅड उघडायला सांगा. दोन स्क्रू असतात, रबरात दडलेले. विकणारे नको म्हणाले तर समजू शकतो, परक्याला कुणी स्क्रू खोलू देत नाही. पण मग त्यांच्याच हाताने किंवा बंदूक कारागिराकडून उघडून घ्या. आतलं टोक बरंच काही सांगतं. काप सपाट आणि काटकोनात आहे का? मूळ बटप्लेटच्या (दस्त्याच्या टोकाला असलेल्या पट्टीच्या) स्क्रूंची छिद्रं लाकडी खुंटी ठोकून, सरस लावून बुजवली आहेत की नुसतीच उघडी ठेवून शेजारी नवी पाडली आहेत? उघड्या लाकडावर तेल किंवा सीलर लावलंय का? ही शेवटची गोष्ट फार लोक विसरतात. वरून आरशासारखं व्हार्निश आणि पॅडखाली कोरडं, उघडं लाकूड, असं असेल तर दमट हवेत तो दस्ता तिथून पाणी पिणार. आणखी एक खूण: दस्ता मनगटाकडे, म्हणजे पकडीच्या बारीक भागाकडे, निमुळता होत जातो, त्यामुळे कापल्यावर टोक मूळ मापापेक्षा लहान होतं. पॅड त्या लहान टोकाला बरोबर घासून बसवलेलं असेल आणि घासताना आजूबाजूच्या लाकडावर ओरखडे नसतील तर हात सराईत होता.

पांढऱ्या पट्टीबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. ती १९५० आणि ६० च्या दशकांची फॅशन आहे. मला ती कधीच आवडली नाही, पण ती रायफलीला अपाय करत नाही आणि काढून टाकणंही सोपं आहे. उलट ती पाहून एवढं कळतं की बदल बहुधा जुना आहे, म्हणजे या अवस्थेत रायफल बराच काळ वापरली गेली आहे. काही फुटायचं असतं तर आतापर्यंत फुटलं असतं.

गालाच्या तुकड्यामागे कारण आहे. जुने दस्ते नळीवरच्या उघड्या साइटने नेम धरण्यासाठी बनवलेले, म्हणून त्यांचा गाल खाली असतो. वर दुर्बीण आली की डोळा उंच न्यावा लागतो आणि गाल हवेत राहतो. मॉडेल ७० उंच गालाच्या, माँटे कार्लो पद्धतीच्या दस्त्यासह कारखान्यातूनही मिळे. तेव्हा आधी तुकडा खरंच जोडलेला आहे का हे बघा. जोड असेल तर लाकडाचे रेषे एका ओळीत अचानक तुटतात आणि रंगही थोडा वेगळा दिसतो. नखाने जोडावर दाबा. सरस सुटत असेल तर जाणवेल.

मग घासकाम. कारखान्यातून आलेल्या दस्त्यात लाकूड धातूच्या कडेपेक्षा किंचित वर असतं. बोट रिसिव्हरच्या मागच्या शेपटावरून, म्हणजे टँगवरून, लाकडाकडे न्या, मग ट्रिगर गार्डच्या कडेने फिरवा. लाकूड खाली गेलेलं लागलं तर कुणीतरी पॉलिशपेपर मनसोक्त चालवला आहे. चेकरिंगचे हिरे सपाट झाले असतील, किनार पुसली असेल, तर तीच गोष्ट. दिसायला वाईट, पण तेवढ्यावरून सौदा मोडू नका. सौदा मोडायचा तो मनगटावर. पकडीचा तो बारीक भाग आणखी बारीक केला असेल आणि लाकडाचे रेषे तिथे तिरके बाहेर निघत असतील, तर धक्क्याने दस्ता नेमका तिथे चिरतो. भिंग आणि तिरपा प्रकाश घेऊन टँगच्या मागे बघा. धातू लाकडाला टेकून असेल, मध्ये केसभरही फट नसेल, तर प्रत्येक गोळीला टँग पाचरीसारखा लाकडात घुसतो आणि तिथून चीर सुरू होते. चकचकीत व्हार्निशच्या खाली अशी चीर भरून टाकणं अगदी सोपं असतं.

रायफल लाकडातून बाहेर काढल्याशिवाय पैसे देऊ नका, हा माझा एकमेव हट्ट समजा. आत रिकॉइल लग, म्हणजे रिसिव्हरखालचा धक्का झेलणारा ठोकळा, लाकडाच्या खाचेत मागून नीट टेकतो का, मॅगझिन आणि चाप यांच्यामधल्या पातळ लाकडी भिंतीला तडा आहे का, लाकूड तेल पिऊन काळं आणि मऊ पडलंय का हे बघायचं. इपॉक्सीचं बेडिंग, म्हणजे धातू नीट बसावा म्हणून लाकडात ओतलेला थर, दिसलं तर दचकू नका. स्वच्छ, बुडबुडे नसलेलं बेडिंग ही चांगल्या कामाची पावती आहे. चिरेवर ओतलेला इपॉक्सीचा गोळा ही वेगळी गोष्ट. ६४ च्या आधीच्या नेहमीच्या मॉडेल ७० मध्ये पुढच्या लाकडातून एक स्क्रू नळीखालच्या उंचवट्यात जातो. बदल करणाऱ्याने तो काढून छिद्र बुजवलं असेल तर त्याला नळी मोकळी ठेवायची होती. मग नळी आणि लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून बघा, ती सगळीकडे सारखी सरकायला हवी. एका बाजूला अडते, दुसऱ्या बाजूला मोकळी, असं झालं तर नळी तापल्यावर गोळी लागण्याची जागा सरकणार. परत बसवताना ट्रिगर गार्डच्या मधल्या स्क्रूला जोर लावू देऊ नका. तो टेकण्यापुरताच आवळायचा असतो, नाहीतर ॲक्शन (रिसिव्हर आणि बोल्टची यंत्रणा) वाकते.

लाकूड उतरलेलं असतानाच धातू बघा. लाकडाच्या रेषेखाली गंजाचे खड्डे असतील तर किती खोल? वरून झाक ताजी आणि अक्षरं पुसट, कडा गोल, स्क्रूची तोंडं बशीसारखी पसरलेली, असं असेल तर पॉलिश करून पुन्हा निळी झाक दिली आहे. रिसिव्हरच्या वर पुढे-मागे आणि डाव्या बाजूला कारखान्याची छिद्रं असणं पन्नाशीतल्या रायफलीत अपेक्षित आहे. त्याहून जास्त किंवा वेड्यावाकड्या ओळीत पाडलेली दिसली तर विचारा. रिसिव्हरच्या पुढच्या कड्यात, जिथे बोल्टचे लग, म्हणजे त्याला कुलूप लावणारे दात, अडकतात तिथे, जास्तीचं छिद्र आरपार गेलं असेल तर मी ती रायफल घेणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि जे बघायला बहुतेक गिऱ्हाईक विसरतात: नळीवर .३०-०६ लिहिलंय म्हणून चेंबर .३०-०६ च आहे असं नाही. त्या काळात हौशी लोक चेंबर पुन्हा रीम करून, म्हणजे कोरून मोठं करून, जास्त दारूची काडतुसं वापरायला फार उत्सुक असत. .३०-०६ चं ‘ॲकली इम्प्रूव्हड’ (त्याच काडतुसाचं जास्त दारू मावणारं रूप) करणं सर्वांत सोपं, कारण त्यात नळी तीच राहते आणि अनेकदा जुना शिक्का पण तसाच राहतो. विकणाऱ्यांकडे या रायफलीतून उडालेलं एखादं रिकामं काडतूस आहे का विचारा. मूळ काडतुसाच्या खांद्याचा कोन साडेसतरा अंश असतो, हळुवार उतार. ॲकलीचा ४० अंश, जवळजवळ पायरीसारखा. शेजारी नवं काडतूस ठेवलं की नुसत्या डोळ्यांना दिसतं. रिकामं काडतूस नसेल तर कारागीर सेरोसेफ नावाचा कमी तापमानाला वितळणारा धातू चेंबरमध्ये ओतून साचा काढतो. हा खर्च विकणाऱ्याने करावा की तुम्ही, यावर वाद घालत बसू नका. तुम्हीच करा.

त्याच फेरीत हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टच्या तोंडापासून चेंबरच्या खांद्यापर्यंतचं अंतर, मोजून घ्या. .३०-०६ साठी ‘गो’ गेज (मापाचा ठोकळा) १.९४० इंचांचा, ‘नो-गो’ १.९४६ आणि ‘फील्ड’ १.९५० चा. बोल्टमधून एक्स्ट्रॅक्टर आणि फायरिंग पिनचा भाग काढून, दोन बोटांच्या जोराने बंद करून बघतात. ‘गो’ गेजवर बोल्ट बंद व्हायलाच हवा. जुन्या रायफलीचा बोल्ट ‘नो-गो’वर बंद झाला तर लक्ष ठेवायचं, ‘फील्ड’वर बंद झाला तर ती रायफल दुरुस्तीशिवाय चालवायची नाही. यात ‘एवढंसं तर आहे’ हा युक्तिवाद ऐकून घेऊ नका.

नळी आतून बघण्याआधी ती तांब्याच्या थरासकट साफ केलेली हवी, कारण घाण खड्डे झाकते. एका टोकाला दिवा धरून आत बघताना गोल सावलीसारखं कडं दिसलं तर तिथे नळी फुगलेली आहे, सौदा संपला. तोंडाशी रायफलिंगच्या, म्हणजे आतल्या पिळदार खाचांच्या, कडा एका बाजूला झिजलेल्या असतील तर साफ करायची सळई वर्षानुवर्षं वाकडी फिरली आहे. हे मात्र दुरुस्त होतं, कारागीर तोंड पुन्हा काढून देतो.

चाप तपासताना रायफल रिकामी आहे हे स्वतः, डोळ्यांनी आणि बोटाने, बघा. बोल्ट ओढून कॉक करा, सेफ्टी लावा, चाप जोरात ओढा, सोडा, मग चापाला हात न लावता सेफ्टी काढा. काहीच व्हायला नको. फायरिंग पिन पडली, तर कुणीतरी चापाशी खेळलंय. बोल्ट चारपाच वेळा जोरात आपटून बंद करूनही पिन पडता कामा नये.

तुमची रायफल मुळातच शिकारीची आहे, हे बरं. लष्करी रायफलीचं लाकूड कापून शिकारीची केलेली असती तर यादी आणखी वाढली असती. उदाहरणार्थ, अमेरिकन स्प्रिंगफील्ड १९०३ मध्ये स्प्रिंगफील्डच्या कारखान्याच्या ८,००,००० च्या आतल्या आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ च्या आतल्या क्रमांकांचे रिसिव्हर ठिसूळ असू शकतात. दस्ता कितीही देखणा असला तरी अशा रायफली भिंतीवरच शोभतात. आणि जुन्या जर्मन ८×५७ कॅलिबरच्या रायफलींत नळीचं माप .३१८ इंच की .३२३ हे मोजल्याखेरीज काडतूस घालू नये, कारण जाड गोळी बारीक नळीत दाब धोकादायक वाढवते.

हे सगळं पार पडलं तर शेवटी तुमचा खांदा. शिकारीला जे कपडे घालता ते घालून या. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग डोळे उघडा. दुर्बिणीत पूर्ण गोल चित्र दिसायला हवं, मान ताणावी किंवा खाली घालावी लागू नये. दस्ता आखूड असेल तर अंगठा नाकाशी येतो आणि दुर्बिणीची मागची कड भुवईच्या जवळ येते. .३०-०६ च्या धक्क्याने ती कड भुवई फोडते, हे थट्टेचं नाही. आखूडपणावर मात्र सोपा इलाज आहे: जाड पॅड, किंवा पॅडखाली एकदोन पातळ चकत्या. लांब दस्ता कापता येतो आणि आखूड वाढवता येतो. बारीक केलेलं मनगट जाड करता येत नाही.

शक्य असेल तर मैदानावर पाच गोळ्या झाडून बघा, पहिली थंड नळीतून आणि मग न थांबता बाकीच्या. सगळ्या एका जागी असतील तर उत्तम. एका दिशेने चालत जात असतील तर दोष बेडिंगमध्ये शोधा. नळीला लगेच नाव ठेवू नका. तो दोष सुधारतो आणि भाव पाडायला कामी येतो.

भावाचं गणित असं करा. याच अवस्थेतली पण न बदललेली मॉडेल ७० कितीला जाते ते बघा, आणि तेवढ्याच क्षमतेची साधी, नाव नसलेली चांगली वापरलेली रायफल कितीला मिळते तेही. तुमचा भाव दुसऱ्या आकड्याच्या जवळ असायला हवा. जुन्या पंजाच्या एक्स्ट्रॅक्टरसाठी आणि त्या ॲक्शनच्या घोटीवपणासाठी थोडं वर द्यायला माझी हरकत नाही. पहिल्या आकड्यातून थोडी सूट, असा विकणाऱ्यांचा हिशेब असेल तर हात जोडून निघा. या भावात घेतलीत तर पुढे विकताना तुमचं फारसं जाणार नाही, कारण संग्राहकाचे पैसे तुम्ही मुळात भरलेलेच नसतील.

मूळ दस्ता शोधण्याबद्दल: करू नका, निदान लगेच नको. ६४ च्या आधीचे सुटे दस्ते मिळतात, पण महाग मिळतात. शिवाय दुसऱ्या रायफलीचा दस्ता लावल्यावर ती ‘मूळ’ होत नाही, दोन रायफलींची एक होते, आणि जाणकार ते लाकूड-धातूच्या सांध्यावरून ओळखतो. लाकूड खरंच फुटकं निघालं तर नवा दस्ता घ्या, तोही तुमच्या मापाचा. आणि आत्ताचा कापलेला दस्ता टाकू नका. पुढे विकताना तो सोबत द्यायचा.

एक राहिलंच. मूळ मालक हयात नाहीत, म्हणजे विकणाऱ्यांच्या नावावर रायफल कायद्याने आली आहे का आणि तुमच्या परवान्यावर हे कॅलिबर चढतं का, हे इसार देण्याआधी तुमच्याकडच्या परवाना अधिकाऱ्याकडून लेखी समजून घ्या. आणि विक्रीच्या कागदावर ‘दस्ता बदललेला, बाकी मूळ’ असं त्यांच्याच सहीने लिहून मागा. हे लिहायची वेळ आली की कधीकधी चापाची किंवा चेंबरची गोष्ट आपोआप आठवते.